खुणेच्या पानापासून

"बर्पी म्हणजे काय, ते मला आधी सांगा," किडनीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी खाटेवर पडूनच सांगितलं. उभं राहायचं, वाकून हात जमिनीला टेकायचे, पाय मागे फेकायचे, छाती जमिनीला लावायची, पाय पुन्हा पोटाशी ओढायचे आणि उठताना वर उडी मारायची. ही एक झाली.

"आणि रविवारी अशा किती केल्यात?"

"दीडशे. बैठका चारशे, त्या वेगळ्या."

"त्याच्या आदल्या रविवारी?"

"एकही नाही. मी ग्रंथपाल आहे."

त्या हसल्या नाहीत. हातातला रिपोर्ट त्यांनी माझ्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सीपीके. स्नायूंच्या आत असणारा हा पदार्थ रक्तात फार तर दोनशेच्या आत असावा लागतो. माझा एक लाखाच्या वर गेला होता. खालच्या ओळीत क्रिएटिनिन होतं. किडनी रक्त नीट गाळते आहे की नाही, ते यावरून कळतं. ते एकच्या आसपास हवं, माझं पाचला टेकलं होतं.

"याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या मांड्यांचे स्नायू फुटलेत. त्यांच्या आतला ऐवज रक्तात उतरलाय आणि तो गाळता गाळता किडन्या तुंबल्यात. लघवी काळी झाली ती त्यामुळे. ते रक्त नाही, तुमचं मांस आहे."

मंगळवारची दुपार होती. शेजारी मला घेऊन आलेला युवराज उभा होता. शब्द मोठा होता म्हणून त्यानं तो मोबाईलवर लिहून घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली.

हे मी लिहितो आहे ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, अडथळ्यांच्या शर्यतीची तयारी करणारे. आमच्या कोल्हापुरात ते आता बरेच झाले आहेत. दुसरे, ज्यांच्या घरातलं कोणी गेलं आहे आणि त्याचं राहिलेलं काहीतरी आपण पुरं करावं असं ज्यांना वाटतं आहे. मी दोन्हींत होतो.

*

माझा धाकटा भाऊ शिवानंद, शिवू, गेल्या वर्षी वारला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो फॅब्रिकेशनच्या कामाला होता. सकाळच्या पाळीला जाताना हायवेवर मागून ट्रकची धडक बसली. चौतीस वर्षांचा होता. त्याच्या मरणाचा आणि व्यायामाचा काही संबंध नाही, हे आधीच सांगतो, कारण पुष्कळांनी तो लावला.

आम्ही मूळचे कुरुंदवाडचे. वडील लवकर गेले. आईचं माहेर चिकोडीकडचं, त्यामुळे आम्ही तिला अव्वा म्हणतो आणि शिवू मला अण्णा म्हणायचा. मी लग्न केलं नाही. शिवूचं ठरत आलं होतं.

चारेक वर्षांपूर्वी शिवूला या शर्यतींचा नाद लागला. आठ-दहा किलोमीटर पळायचं. वाटेत उंच भिंती, चढायचे दोर, काटेरी तारेखालचा चिखल, खांद्यावर वाळूचं पोतं. लोंबकळत पार करायचे लोखंडी दांडे असतात, त्यांना मंकी बार म्हणतात. एखादा अडथळा पार झाला नाही की दंड म्हणून तीस बर्पी. कात्यायनीच्या डोंगराकडे एका माळावर युवराजचा गट दर रविवारी आणि बुधवारी पहाटे सराव करतो. तिथले मंकी बार शिवूनंच वेल्डिंग करून उभे केले आहेत.

युवराज जुना तालमीतला. कुस्ती सुटली, अंग राहिलं. तो मला 'सर' म्हणतो. शिवू गेल्यावर तो दर महिन्याला घरी यायचा, अव्वाच्या हातचा चहा प्यायचा आणि जायचा.

शिवू सरावाची वही ठेवत असे. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. त्यात एक खूण होती. ग्रंथालयाच्या पुस्तकात मागच्या पानावर आम्ही परतीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवतो, तसली एक कोरी चिठ्ठी. माझ्याच टेबलावरून उचललेली. वही वर्षभर माझ्या कपाटात होती. मी ती उघडली नव्हती.

गेल्या वर्षी ज्या शर्यतीत गटातले पाच जण पळणार होते, ती पाचव्याविना झाली. या वर्षी त्या पाचव्या जागी मी पळायचं, असं मी ठरवलं. शर्यतीला सहा आठवडे होते. युवराजला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सर, या की. पर दमानं घ्यायचं."

शिवूला वर्ष झालं, त्याची पूजा कुरुंदवाडला झाली. त्या दिवशी मी उपास केला आणि नंतरचे दोन दिवसही जेवण गेलं नाही. अव्वा तिथंच राहिली. शनिवारी एकटाच कोल्हापूरला परत आलो आणि कपाटातून वही काढली.

इथं मी चूक केली. आयुष्यभर पुस्तकांत वावरलेल्या माणसाच्या हातून व्हावी अशीच चूक. वहीत खूण दिसली, म्हणून मी खुणेच्या पानावर उघडली. वाचणारा जिथं थांबला असेल तिथून पुढं सुरू करायचं, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याचा विचारही केला नाही. त्या पानावर शिवूच्या अक्षरात पुढच्या रविवारचा सराव लिहिला होता. शंभर बैठका, तीस बर्पी, जड टायर उलटवणं, असे चार फेरे. शेवटी मंकी बार. खाली लिहिलं होतं, 'उपाशीपोटी.' तो रविवार त्याला मिळाला नव्हता.

मला वाटलं, हाच करायचा.

*

माळावर त्या पहाटे अकरा जण होते. वही पाहून सगळे भोवती जमले. युवराजनं पान वाचलं आणि म्हणाला, "हे पान नगं, सर. ह्यो लई पुढचा हाय."

"शिवूनं लिहिलंय," मी म्हणालो.

मग मला कोणी अडवलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही अडवलं नसतं.

पहिल्या फेऱ्यात मला स्वतःचंच नवल वाटलं. दुसऱ्यात मांड्या थरथरायला लागल्या. तिसऱ्यात मी गुडघ्यांवर हात टेकून उठत होतो. तालमीत मोजतात तसं हे लोक मोठ्यानं मोजत होते. "एक्काहत्तर! बहात्तर! हाय, हाय, शिवूचा भाऊ हाय!" पाण्याची बाटली कोणीतरी पुढं केली, मी नको म्हणालो. अडीच तास लागले. टायर मला एकट्याला उलटला नाही, दोघांनी हात लावला. मंकी बारवर तिसऱ्या दांड्याला हात सुटला.

तीस बर्पी. आमच्या गटात हा दंड वाटून घ्यायची पद्धत आहे. दहा तू, दहा मी. शिवू नेहमी दुसऱ्यांच्या घ्यायचा. युवराज जमिनीवर हात टेकून तयारही झाला होता. मी त्याला उठवलं. माझ्या मीच मारल्या. शेवटची झाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी वर्षभरात पहिल्यांदा रडलो. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

घरी येऊन दुखण्याची गोळी घेतली. गटात ती सर्रास घेतात, कोणी सरावाआधी, कोणी नंतर. रात्री दुसरी. सोमवारी जिना उतरता येईना, मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या. सुट्टी टाकली, तिसरी गोळी घेतली. एवढं दुखणारच, असं मला वाटत होतं. दुखतंय म्हणजे काहीतरी नीट झालंय, असंही वाटत होतं. संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. मंगळवारी सकाळी जेमतेम घोटभर झाली, ती त्याहून काळी. मी युवराजला फोन केला आणि लघवीचा रंग सांगितला.

"थांबा तितंच," तो म्हणाला. "हाललासा तर बगा."

हालण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यानं आणि आणखी एकानं मला खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं.

*

इस्पितळातले पहिले दोन दिवस म्हणजे सलाईन आणि मोजमाप. शिरेतून पाणी सोडत राहायचं, म्हणजे तुंबलेलं धुऊन निघतं, आणि बाहेर किती येतं ते मोजायचं. खाटेखाली खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं होतं. वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सर, मला दावल्याशिवाय एक थेंब टाकायचा न्हाय. शिकलेली माणसंच लाजून वततात आणि आमचं गणित चुकवतात."

मी उशाला कागद ठेवला आणि वेळ, माप, रंग लिहू लागलो. मंगळवार: कोरा चहा. बुधवार: काकवी. माप उतरत गेलं.

रोज दोनदा रक्त घ्यायचे. पोटॅशियमवर त्यांचं फार लक्ष होतं. स्नायू फुटले की त्यातलं पोटॅशियम रक्तात येतं आणि किडनी बंद असेल तर ते बाहेर जात नाही. वाढलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून छातीला सतत ईसीजीच्या तारा. मांड्यांचा घेर टेपनं मोजायचे. सूज आत फार दाटली तर कातडी उघडून वाट करून द्यावी लागते. माझ्यावर ती वेळ आली नाही.

बुधवारी गटातले सहा-सात जण भेटायला आले आणि खाटेभोवती उभे राहिले. नेमक्या त्याच वेळी डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यांचे हात पाहिले. तळव्यांवर फाटलेले घट्टे, कोपरांवर तारेचे ओरखडे, एकाच्या घोट्याला पट्टी.

"सरावाआधी गोळी कोण कोण घेतं?"

सगळे पंख्याकडे बघू लागले. शेवटी युवराज म्हणाला, "घेतो की मॅडम. कवातरी."

"कवातरी म्हणजे?"

"रविवारी."

"आणि?"

"आनि बुधवारी."

"म्हणजे सराव असतो तेव्हा प्रत्येक वेळी. हा हात वर करा बघू." त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. "किती दिवस?"

"दिवाळीपासनं," युवराज म्हणाला आणि बाकीच्यांकडं बघून पुढं म्हणाला, "हसतासा काय? ह्येचा गुडगा इचारा की, मॅडम."

त्या सगळ्यांनी एकमेकांची दुखणी बाहेर काढली. दहा मिनिटं वॉर्डात दुसरं काही चाललं नाही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की दुखण्याच्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. अंगात पाणी कमी, स्नायू फुटलेले आणि वर गोळी, हे तिन्ही एकत्र आलं की माझ्यासारखं होतं. "हे काही दहा हजारात एखाद्याला होणारं नशीब नाही," त्या म्हणाल्या. "हे करून घेतलेलं आहे."

*

गुरुवारी सकाळी क्रिएटिनिन आठच्या वर गेलं. चोवीस तासांची लघवी एका पेल्यात मावली असती. मॅडमनी स्टूल ओढलं आणि बसल्या. डॉक्टर उभ्यानं बोलत असतील तोवर ठीक असतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

"डायलिसिस करावं लागेल. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालू, रक्त मशीनमधून धुऊन परत सोडू. घरचं कोण आहे?"

"आई."

"त्यांना कल्पना आहे?"

नव्हती. मी तिला रोज दुपारी फोन करून ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी चालू आहे, असं सांगत होतो. तिनं एक मुलगा वर्षापूर्वी मातीआड केला होता. दुसऱ्याचं मी काय सांगणार होतो?

"लपवून चालणार न्हाय आता," युवराज म्हणाला. "मी जातो आनायला."

पुढचं मला त्यानंच नंतर सांगितलं. गेल्या वर्षीही अव्वाला आणायला तोच गेला होता. तेव्हाही ती पाहुण्यांकडे म्हणून कुरुंदवाडला होती. शिवू जागेवरच गेला होता, पण म्हाताऱ्या माणसाला वाटेत काही होऊ नये म्हणून सगळ्यांनी ठरवून तिला 'थोडं लागलंय' एवढंच सांगितलं होतं. आपल्याकडे असंच करतात. ती तासभर गाडीत शिवूसाठी डबा मांडीवर घेऊन बसली होती.

या वेळी खरं ते सांगायचं, असं युवराजनं रस्ताभर घोकलं होतं. गाडी गल्लीत थांबली. अव्वा पायरीवर शेंगा निवडत बसली होती. तीच गाडी, तोच माणूस. त्याच्या तोंडून निघून गेलं, "अव्वा, सरांना थोडं बरं न्हाय. चला."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि उठली नाही.

"मागच्या सालीबी असंच म्हणलावतास," ती म्हणाली. "मी न्हाय येणार. हाय का गेला, तेवढं हितंच सांग."

"हाय, अव्वा. देवाशप्पत हाय."

"तवाबी शप्पत घेतलीवतीस."

युवराजनं मला फोन लावला. माझ्या मानेत अजून नळी घातली नव्हती.

"कोण बोलतंय?" अव्वाचा आवाज.

"मी."

"मी कोण?"

"गुरू, अव्वा. गुरुनाथ."

"बोल."

"काय बोलू?"

"कायबी बोल. मी म्हणू तवर थांबू नगंस."

मी बोलत राहिलो. इस्पितळात आहे. पायाचे स्नायू फुटलेत, किडनी बसलीय, मशीन लावायचंय. खिडकीतून एक गुलमोहर दिसतो. शेजारच्या खाटेवर वारणानगरचे एक मास्तर आहेत, ते दिवसभर क्रिकेट ऐकतात. सकाळी उपमा दिला, त्यात मीठच नव्हतं, गिळवला नाही.

"मीठ न्हाय घातलं?" ती म्हणाली.

"इथं सगळं मोजून देतात. कालच्या आमटीतही नव्हतं. अगदी पाणी."

मग तिनं फोन कानापासून दूर धरून युवराजला सांगितलेलं मला ऐकू आलं.

"जेवनाला नावं ठेवतोय. हाय म्हंजे. चल, गाडी काढ."

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर एवढंच सांगेन. वयस्कर माणसांना सांभाळून घ्यायचं म्हणून आपण जे अर्धवट बोलतो ना, ते पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या कानात राहतं. सगळं सांगा. आजाराचं नाव सांगा, मशीनचं नाव सांगा, काय होऊ शकतं तेही सांगा.

मॅडमनी तिला आजाराचं सगळं सांगितलं, वहीचं युवराजनं वाटेतच सांगितलं होतं. तिनं एकच विचारलं, "मशीन एकदा लागलं की जल्मभर लागतं, म्हंत्यात."

"या आजारात बहुतेकांची किडनी परत काम करू लागते, आजी. काहींची नाही करत. मी वचन देत नाही. पण आज लावलं नाही तर उद्याचं मी काहीच सांगू शकत नाही."

अव्वानं संमतीच्या कागदावर सही केली. तिची शाळा कानडी, म्हणून सहीही कानडीत. पेन परत देताना माझ्याकडे वळून म्हणाली, "वही कुठं हाय त्येची?"

*

डायलिसिस दुखत नाही. नळी घालताना तेवढं टोचतं. चार तास पडून राहायचं. आपलं रक्त नळीतून जाताना दिसतं. मला थंडी वाजली, पायात पेटके आले. संपल्यावर पुस्तकाच्या दोन ओळीही वाचवत नव्हत्या. मी घाबरलो होतो. मशीनची भीती नव्हती. हॉलमधल्या इतर खुर्च्यांवरचे लोक एकमेकांना नावानं हाका मारत होते, डब्यातलं एकमेकांना देत होते, त्यांना मशीनचे बारकावे सिस्टरांइतके ठाऊक होते. वर्षानुवर्षं येणारी माणसं ती. आपणही यांच्यातले होणार का, हाच विचार चार तास चालला होता.

शनिवारी दुसरं झालं. लघवी तेवढीच. सिस्टर भांडं उजेडाकडं धरून बघायच्या आणि माप घेऊन ओतायच्या.

रविवारी दुपारी युवराज वही घेऊन आला. तो सरावाला गेला नव्हता, त्या रविवारी कोणीच गेलं नव्हतं. अव्वानं वही माझ्या छातीवर ठेवली. मी सवयीनं खुणेकडे बोट नेलं.

"तितनं न्हाय," ती म्हणाली. "पयल्यापासनं वाच."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिलं पान मी पाहिलंच नव्हतं.

मी वाचलं. अक्षर तेच, जरा गिचमिड.

'मैदानाला दोन फेऱ्या चाललो. युवराज म्हणाला, पळू नको. तरी शेवटी पळालो. भिंतीमागं जाऊन उलटी. घरी अण्णाला सांगायचं नाही, हसेल.'

युवराज खिडकीकडं बघत म्हणाला, "मी बगितलंवतं. मी बी न्हाय सांगितलं कुणाला."

दुसरं पान: 'पाय दुखतात. आज नुसतं चाललो.' सहावं: 'बैठका पंधरा. जिना उतरताना कठडा धरला. अण्णानं विचारलं काय झालं, म्हणालो चप्पल घसरली.' मला तो दिवस आठवत होता. मी त्याला चप्पल बदल म्हणालो होतो. एकोणिसाव्या पानावर पहिल्यांदा बर्पी आली: 'बर्पी तीन. लई झाल्या.'

अव्वा हसली. शिवू गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळच्या राउंडला मॅडमनी वही चाळली. खुणेपर्यंत यायला शिवूला अडीच वर्षं लागली होती. मध्ये विश्रांतीचे आठवडे होते, 'घोटा सुजला, पंधरा दिवस बंद' अशी पानं होती.

"हा माणूस शहाणा होता," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही ग्रंथपाल असून पुस्तक मधूनच उघडलंत?"

"खूण तिथं होती."

"खूण त्यांची होती," त्या म्हणाल्या.

*

सोमवारी तिसरं डायलिसिस झालं. मंगळवारी पहाटे भांडं अर्धं भरलं. सिस्टरनी उजेडाकडं धरलं, मग अव्वाला दाखवायला घेऊन आल्या. "बगा आजी, कसं झ्याक गुळाच्या पाण्यागत." शेजारचे मास्तर क्रिकेट बंद करून म्हणाले, "अभिनंदन, सर." कुठल्याही बढतीला मला असं अभिनंदन मिळालं नव्हतं.

मी कागदावर लिहिलं, मंगळवार: गुळाचं पाणी. बुधवार: उसाचा रस. नंतर माप इतकं वाढलं की रात्रंदिवस उठावं लागायचं. किडनी पुन्हा सुरू होताना असं होतं म्हणे. चौथं डायलिसिस लागलं नाही. क्रिएटिनिन रोज थोडं उतरत गेलं. चौदाव्या दिवशी घरी सोडलं. मानेवर एक छोटा टाका आणि काठीशिवाय उभं राहता न येणाऱ्या मांड्या घेऊन आलो. क्रिएटिनिन एकवर यायला आणखी दोन महिने गेले.

शर्यत मधल्या काळात होऊन गेली. पाचवी जागा रिकामी ठेवूनच चौघे पळाले. मी गेलो नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटलं नाही.

गटात आता नवीन माणूस आला की युवराज त्याला पहिले सहा आठवडे बर्पी मारू देत नाही. दुखण्याची गोळी कुणाच्या पिशवीत सापडली की ती टायरमध्ये टाकतो. दर फेऱ्याला पाणी पिणं सक्तीचं आहे. त्याच्या स्वतःच्या खांद्याला दोन ठिकाणी फाटलेलं निघालं. तो आता एका हातानं सगळ्यांवर ओरडतो. आपल्याकडे हे खेळ नवीन आहेत, अंगमेहनत जुनी आहे. आपण जुन्या मेहनतीच्या मोजणीनं नवीन खेळ मोजतो. लघवीचा रंग बदलला, सूज उतरेना, गुडघा वाकेना, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सोमवारी संध्याकाळी गेलो असतो तर कदाचित मशीन लागलं नसतं.

ज्यांनी माझी लघवी मोजली, त्यांचे उपकार कसे फेडायचे मला माहीत नाही. त्या सिस्टरांना मी एक पुस्तक दिलं. त्या म्हणाल्या, "वाचायला येळ कुठला, सर. पर ठेवते."

मॅडमनी आता चालायची परवानगी दिली आहे. संध्याकाळी मी आणि अव्वा रंकाळ्यावर जातो. परत आल्यावर ती वही पुढ्यात ठेवते, पुन्हा पहिल्या पानापासून. तिला मराठी अक्षर भरभर लागत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचतो. एका दिवशी एकच पान. मग दुसऱ्या दिवशी त्या पानावर असेल तेवढंच करतो, तेही मॅडम हो म्हणाल्या तर.

शिवूची चिठ्ठी होती तिथंच आहे. माझ्यासाठी मी दुसरी घेतली आहे. काल ती अकराव्या पानावर होती. तिथं एवढंच लिहिलंय: 'आज पाऊस. सराव नाही. अव्वानं थालीपीठ केलं.'

वाचून झाल्यावर पुढचं पान बघावं म्हणून मी कोपरा उचलला. अव्वानं माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उद्याला एक असू दे."